धनंजय माने आणि घोडबंदर रोडवरचा एक ठराव

ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे आमची सोसायटी आहे. मागच्या गणेशोत्सवाच्या आधी इथे एका रिकाम्या फ्लॅटवरून वाद झाला. त्या वादात ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ चा चित्रपट दोनदा आला. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर स्टिकर होऊन, नंतर मंडपात नाट्यप्रवेश होऊन. पहिल्या वेळी त्याने मूळ प्रश्न झाकला, दुसऱ्या वेळी तोच उघडा केला. एकाच चित्रपटाकडून ही दोन्ही कामं कशी झाली, ते तपशिलाने लिहून ठेवावंसं वाटलं. प्रवेश बसवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे बरंचसं जवळून पाहता आलं. सोसायटीचं आणि रहिवाशांचं नाव मात्र कुठेही देत नाही.

रिकामा फ्लॅट

बी विंगमधल्या एक काकू शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. मुलासाठी घेऊन ठेवलेला दुसरा फ्लॅट त्या भाड्याने देतात. आधीचं कुटुंब सोडून गेलं आणि एजंटने तीन मुलं आणली. एक ठाण्यातल्याच खासगी रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन, दोघं ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये कामाला. गावं सांगली, लातूर आणि चिपळूण. काकूंनी तिघांना बसवून चहा दिला, घरची विचारपूस केली आणि होकार दिला.

सोसायटीने नकार दिला. कारण दप्तरात सर्वसाधारण सभेचा एक जुना ठराव होता, लग्न न झालेल्यांना फ्लॅट भाड्याने देऊ नये असा. त्या ठरावामागे पूर्वी कधीतरी झालेल्या एका रात्रीच्या गोंधळाची गोष्ट आहे. ती प्रत्येक विंगमध्ये वेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते. ज्यांच्यामुळे गोंधळ झाला ते भाडेकरू कधीच गेले, ठराव राहिला.

एजंटकडे तोडगा तयार होता. ‘अर्जावर फॅमिली लिहा. एकाची आई सुरुवातीला आठवडाभर येऊन राहू दे. वॉचमनने बघितली की झालं.’ असा सल्ला ठाण्यात आणि नवी मुंबईत सर्रास दिला जातो. घणसोलीला किंवा कोपरखैरण्याला खोली शोधलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, त्याला तो पाठ असतो. चिपळूणच्या मुलाची आई बॅग भरायलाही तयार होती. काकूंना ते पटेना. आपल्या घरात येणाऱ्या मुलांनी पहिल्याच दिवशी खोटं बोलायचं, हे त्यांना नको होतं. म्हणून त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर रीतसर पत्र टाकलं. मुलं कोण, काय करतात, करार नोंदवलेला असेल, पोलिसांकडे माहिती दिलेली असेल, मग अडचण नेमकी काय आहे, एवढंच विचारलं.

पत्राखाली पहिलं उत्तर आलं ते एक स्टिकर. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा चेहरा आणि ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ त्यामागोमाग ‘हा माझा बायको पार्वती’. मग ‘सत्तर रुपये वारले’. मग कुणीतरी लिंबू कलरची साडी आणली. बघता बघता ग्रुपवर धमाल सुरू झाली आणि काकूंचं पत्र वर सरकत दिसेनासं झालं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. स्टिकर टाकणाऱ्यांपैकी कुणाच्याही मनात काकूंबद्दल आकस नव्हता. त्यांतले कितीतरी जण पुढे सभेत काकूंच्या बाजूने उभे राहिले. पण त्या संध्याकाळी प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, आणि मिळालं नाही हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे हसले होते, त्यामुळे विषय संपल्यासारखा वाटला. काकूंनी शेवटी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि ग्रुप शांत झाला.

ही वाक्यं टिकली कशी

चित्रपट २३ सप्टेंबर १९८८ ला प्रदर्शित झाला. दिग्दर्शन सचिन पिळगांवकर यांचं, निर्मिती किरण शांताराम यांची, पटकथा आणि संवाद वसंत सबनीस यांचे. कथेचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटात आहे. पुण्यात सरपोतदारांकडे भाड्याने राहणाऱ्या धनंजय मानेंच्या खोलीत धाकटा भाऊ आणि दोन मित्र येऊन राहतात. घरमालक बाहेर काढतो. नवीन जागा मिळते ती लीलाबाई काळभोरांकडे, पण त्यांना फक्त विवाहित जोडपी हवी असतात. मग परशुरामची पार्वती होते आणि सुधीरची सुधा.

या चित्रपटाची लोकप्रियता सांगताना सगळा भर कलाकारांवर दिला जातो. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, सुधीर जोशी, नयनतारा हे सगळे एका पडद्यावर असल्यावर ते साहजिकच आहे. पण अभिनय उत्तम असलेले विनोदी मराठी चित्रपट पुष्कळ आहेत, आणि त्यांतली वाक्यं तीन-साडेतीन दशकांनंतर मुलांच्या तोंडी नाहीत. माझ्या मते याचं श्रेय सबनीसांना आहे. सबनीस लोकनाट्यातले. ‘विच्छा माझी पुरी करा’ त्यांचंच. तमाशातल्या बतावणीत, म्हणजे विनोदी सवाल-जवाबात, सोंगाड्याला कुणीतरी अधिकाराने प्रश्न विचारतं आणि सोंगाड्या त्या क्षणी सुचेल ते उत्तर देऊन सुटतो. ‘बनवाबनवी’ची घडण हीच आहे. सरपोतदार विचारतात, लीलाबाई विचारतात, नोकरीच्या ठिकाणी मालकीण माधुरीबाई विचारतात, आणि माने उत्तर देत सुटतात. गाजलेल्या वाक्यांची यादी करून पाहा. त्यांतली बहुतेक वाक्यं विनोद करण्यासाठी म्हटलेलीच नाहीत. कोंडीत सापडलेल्या माणसाने घाईत मारलेल्या त्या थापा आहेत, किंवा थाप मारताना झालेली चूक. लीलाबाईंसमोर ‘माझी बायको’ म्हणायचं असतं आणि समोर साडीतला परशा दिसत असतो, तेव्हा मानेंचं व्याकरण घसरतं. डायबेटिसच्या औषधासाठी दिलेले पैसे सरपोतदार परत मागतात, तेव्हा पैसेसुद्धा वारतात.

अशी वाक्यं आखूड असतात, कारण घाबरलेल्या माणसाला लांबलचक बोलायला वेळ नसतो. आणि कोंडी कुणाला नसते? शाळेत गृहपाठ झाला नाही, ऑफिसात उशीर झाला, घेतलेले पैसे परत द्यायचे राहिले, की ही वाक्यं तयार मिळतात. चित्रपटगृहातून ती व्हिडिओ कॅसेटवर गेली, मग उपग्रह वाहिन्यांवर सुट्टीच्या दुपारी, मग यूट्यूबवर, आणि आता मीम, टी-शर्ट, चहाचे मग. याच कथेवरचे चित्रपट तेलुगूत, कन्नडमध्ये, पंजाबीतही आले. म्हणजे खोलीची अडचण सगळीकडची आहे. पण बोलण्यात मुरलेली वाक्यं ही आपली आहेत.

मूळ प्रसंग गळून नुसता तुकडा वापरात राहतो, याचं माझं आवडतं उदाहरण गाण्याचं आहे. ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे गाणं चित्रपटात पार्वतीच्या, म्हणजे साडीतल्या परशुरामच्या, खोट्या दिवसांचं आहे. आज ते खऱ्या डोहाळजेवणांत वाजतं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्येही वाजलं आहे, आणि त्या मुलीच्या सासूबाईंनी त्यावर फेरही धरला. त्यात काही बिघडलं असं मला अजिबात वाटत नाही. गाण्याने आपला मूळ प्रसंग सोडला आणि त्याला दुसरा, मोठा प्रसंग मिळाला.

काकूंच्या पत्राखाली मात्र उलटं घडलं होतं. तिथे मूळ प्रसंग समोर हजर होता. तीन अविवाहित मुलांना जागा हवी होती आणि लग्न झालेलं नाही म्हणून ती नाकारली जात होती. चित्रपटाचा विषयच दारात उभा असताना आम्ही त्यातली वाक्यं त्याच्यावरच टाकली, आणि दोन्हींचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नाही.

त्या संध्याकाळचं आणखी एक स्टिकर वेगळं नोंदवतो. ‘नवऱ्याने टाकलंय तिला.’ चित्रपटात ती अनेक थापांमधली आणखी एक थाप आहे. आमच्या ग्रुपवर नवऱ्यापासून वेगळी राहणारी एक ताई आहे. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी टाकणाऱ्याने स्वतःच ते पुसलं.

तालीम

गणेशोत्सवात काय करायचं हे ठरवायला बसलो तेव्हा तरुण मंडळींनी एका सुरात ‘बनवाबनवी’ सुचवलं. त्यांना हवी होती गाजलेल्या वाक्यांची माळ. एक वाक्य, हशा, पुढचं वाक्य, शेवटी गाणं. वीस मिनिटांत खेळ खलास.

पार्वती करणारा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला सगळी वाक्यं येत होती, आवाजाच्या चढउतारासकट. पण कुठलं वाक्य कुणाला उद्देशून आहे आणि ते म्हणण्याची वेळ का आली, हे त्याला सांगता येईना. अख्खा चित्रपट त्याने पाहिलेलाच नव्हता. इतरांपैकीही निम्म्यांनी नव्हता पाहिला. म्हणून तालमीच्या आधी क्लबहाऊसमध्ये सगळ्यांनी मिळून तो पूर्ण पाहिला.

त्यानंतर चर्चेचा रोखच बदलला. मुलांना जे लागलं ते मला अपेक्षित नव्हतं. सरपोतदार बाहेर काढतात तिथपासून लीलाबाईंचं घर मिळेपर्यंतचा भाग त्यांना सर्वांत जवळचा वाटला. एकाची बहीण पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे, तिला तीन सोसायट्यांनी परत पाठवलं होतं. एकजण स्वतः पुढच्या वर्षी बंगळुरूला जाणार आहे. त्यांनीच म्हटलं, वाक्यांची माळ नको, घर शोधण्याचा प्रसंग सलग करूया.

याच वेळी ए विंगमधले एक काका तालमीला येऊन बसू लागले. ते ऐंशीच्या दशकात कराडहून ठाण्यात आले, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लागले. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची राज्यातली पहिली औद्योगिक वसाहत, १९६२ सालची. तिने हजारो तरुणांना ठाण्यात आणलं, आणि त्यांच्यासाठी राहण्याची सोय केली नाही. काका कॉट बेसिसवर राहिले. पहिल्या पाळीचा माणूस उठला की त्याच कॉटवर रात्रपाळीचा झोपायचा. जेवण खानावळीत, सामान कॉटखाली ट्रंकेत. त्यांनी मुलांना सांगितलं की हा चित्रपट त्यांनी तेव्हाच थिएटरात पाहिला, आणि खोलीतले सगळे मिळून गेले होते. ‘आम्हाला तो आमचा वाटला. साडी नेसायचं तेवढं सुचलं नाही,’ असं ते म्हणाले. मुलांनी पुढचा सगळा वेळ त्यांना प्रश्न विचारण्यात घालवला. त्या दिवशी तालीम झाली नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

अभिनयाबद्दल एक निरीक्षण. पहिल्या दिवशी आमची पार्वती कंबर लचकवत होती, पदराशी चाळे करत होती. मुलींनी नापसंती दाखवली आणि त्यांचं बरोबर होतं. मग आम्ही बेर्डे यांचे प्रसंग पुन्हा लावून पाहिले. ते बायकांची नक्कल करून हसवत नाहीत. साडीतला परशा सारखा घाबरलेला आहे. पकडलो गेलो तर चौघंही रस्त्यावर येणार, ही भीती त्यांच्या डोळ्यांत आणि हातांत आहे. आमच्या मुलाला सांगितलं, तू बाई होऊ नकोस, तू पकडला जाशील याची काळजी कर. प्रवेश त्या दिवसापासून उभा राहिला. ‘टाकलंय तिला’ हे वाक्य आम्ही संहितेत घेतलं नाही.

लीलाबाईंची भूमिका काकूंनी केली. त्यांना कुणी गळ घातली नव्हती, त्या स्वतःहून आल्या.

मंडपात

प्रयोगाच्या संध्याकाळी आरतीनंतर मंडप भरलेला होता. सरपोतदार झाले होते सोसायटीचे सचिवच. माणूस हौशी, आवाज खणखणीत, आणि भूमिका त्यांनी जीव ओतून केली. लोकांनी प्रत्येक ओळखीचं वाक्य कलाकारांच्या आधी म्हटलं. मग काकू लीलाबाई म्हणून पुढे आल्या आणि जागा फक्त लग्न झालेल्यांनाच मिळेल, अशी अट त्यांनी सांगितली. हशा झाला. पण या वेळी हसणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण ही अट कुठल्या सोसायटीत आहे हे मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ती सांगणाऱ्या बाईंचाच फ्लॅट त्या अटीमुळे रिकामा होता.

मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे दिसते. १९८८ मध्ये अट घालणारी एक व्यक्ती होती. तिचं नाव होतं, चेहरा होता, तिला गाठून बोलता येत होतं. पुढे तिला सत्य कळलं की ती रागावू शकत होती आणि माफही करू शकत होती. आज अट घालतो तो ठराव. आमच्या गोष्टीतल्या घरमालकीणबाई मुलांना घर द्यायला तयार होत्या. नकार कुठल्या एका माणसाचा नव्हताच. समितीतल्या ज्याला विचारावं तो म्हणे, माझं काही नाही हो, सभेचा ठराव आहे. शिवाय सोंग घेऊन आत शिरण्याचे दिवस गेले. आधार कार्ड लागतं, गेटवरच्या अ‍ॅपमध्ये फोटो जातो, लिफ्टमध्ये कॅमेरा असतो. राहिली ती फक्त ‘आई येऊन-जाऊन असेल’ ही थाप, आणि ती एजंट शिकवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरचे वॉचमन दादा मला थांबवून म्हणाले, ‘ती तीन पोरं आली होती ना, त्यांना मीच परत पाठवलं. काल सारखी तीच दिसत होती.’ हेच वाक्य थोड्याफार फरकाने त्या आठवड्यात मी आणखी काही जणांकडून ऐकलं.

सभा

गणपती गेल्यावर काकूंनी पुन्हा पत्र दिलं, या वेळी कागदावर, पोच घेऊन. बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी कायद्याची बाजू मांडली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने संस्थेला आधी लेखी कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. संस्था बिगरभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो त्याबद्दलचं शुल्क, घेऊ शकते, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. भाडेकरूचं लग्न झालेलं असावं, असं यात कुठेच नाही.

विरोधही झाला आणि तो निराधार नव्हता. रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या डोक्यावर मध्यरात्री गाणी वाजली तर त्याने काय करायचं, असा प्रश्न एका वहिनींनी केला. त्यावर बरंच बोलणं झालं. आवाजाचा नियम सगळ्यांना सारखा लावायचा, मालक असो वा भाडेकरू, आणि तक्रार आली तर आधी फ्लॅटमालकाला लेखी कळवायचं, असं ठरलं. त्यानंतर जुना ठराव रद्द झाला. सचिवांनी स्वतः सूचना मांडली.

हा बदल नाट्यप्रवेशामुळे झाला असं मी म्हणणार नाही. काकूंचा चिवटपणा नसता आणि उपविधींचा आधार नसता, तर टाळ्या वाजवून सगळे घरी गेले असते. पण पहिल्या पत्राला स्टिकर मिळाले होते आणि दुसऱ्या पत्राला सभा मिळाली. मधल्या काळात घडलेली ठळक गोष्ट एकच, की लोकांनी तो प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग पाहिला. जुन्या चित्रपटाचा प्रभाव मोजताना आपण वाक्यं किती जणांच्या तोंडी आहेत ते बघतो. माझं म्हणणं असं, की वाक्य तोंडी असणं हा प्रभावाचा अर्धा आणि कधीकधी सोयीचा भाग आहे. सबनीसांनी ती वाक्यं बेघर होण्याच्या भीतीतून काढली होती. ती भीती बाजूला काढली की उरलेलं वाक्य कुणाच्याही पत्रावर चिकटवता येतं. म्हणून सोसायट्यांच्या, शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत असा जुना चित्रपट करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की मुलांना आधी तो पूर्ण दाखवा. वेळ जातो, पण मुलं त्यातून काय उचलतील याचा अंदाज आपल्याला नसतो.

ठराव रद्द होईपर्यंत त्या तीन मुलांनी कळव्याला खोली घेतली होती. एजंटने सांगितलेलं तिथे सांगावं लागलं का, ते काकूंनी फोनवर विचारलं नाही. त्यांचा फ्लॅट आता दोन भावांकडे आहे, दोघंही अविवाहित, धाकटा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. ऑफिसातल्या छापील अर्जावर ‘विवाहित/अविवाहित’ हा रकाना अजून आहे. जुना गठ्ठा संपेपर्यंत मॅनेजर तो पेनाने खोडून अर्ज देतात.